नवे पार्ट टाकूनही ट्रक एका बाजूला ओढतोय? हा प्रश्न आपल्याला वालचंद शेठपर्यंत घेऊन जातो

दिवाळी जवळ आली की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसते. भवानीनगरचा छत्रपती असो, माळेगाव असो नाहीतर सोमेश्वर, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत ऊसवाहतुकीची गाडी तयार पाहिजे. एकदा गळीत सुरू झालं की गाडी उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून मालक हंगामाआधीच पुढचा एक्सल खोलून घेतो. किंगपिन नवा, बुश नवे, टाय रॉडचे एंड नवे, जमलंच तर ड्रॅग लिंकही नवी. खिसा चांगला रिकामा होतो.

आणि गाडी रस्त्यावर आली की ड्रायव्हर सांगतो, जुन्या पार्टवर बरी चालत होती.

स्टेअरिंग जड लागतंय. वळण घेतल्यावर चाक आपसूक सरळ होत नाही, हातानं परत आणावं लागतं. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. मालकाला वाटतं पार्ट डुप्लिकेट निघाले, मिस्त्री टायरवर बोट दाखवतो, दुकानदार मिस्त्रीवर. बहुतेक वेळा मात्र सगळे पार्ट चांगलेच असतात. ते एकमेकांशी जुळवलेले नसतात, एवढंच.

सुटे भाग आणणं वेगळं आणि त्यांची गाडी करणं वेगळं, हा फरक या भागातल्या एका माणसानं फार मोठ्या पातळीवर भोगला होता. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की जंक्शन नावाचं गाव लागतं. तिथून आत वळलं की वालचंदनगर. ज्यांच्या नावानं ते वसलं त्या वालचंद हिराचंद यांना आपण साखरेमुळे ओळखतो. पण मुंबईत कुर्ल्याला अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर काढणारा कारखानाही त्यांचाच.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, दिगंबर जैन, आडनाव दोशी. वडील हिराचंद यांचा सावकारीचा आणि कापसाचा व्यवहार. आई लहानपणीच गेली. शिक्षण सोलापूर, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी काही पूर्ण झाली नाही. घरचा धंदा तयार होता, पण त्यात जीव रमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे रेल्वेतले माजी कारकून. फाटकांना रेल्वेची कामं कशी निघतात, कशी मोजली जातात हे ठाऊक होतं आणि वालचंद यांच्याकडे पैसा उभा करायची ताकद होती. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सोलापूरच्या सावकाराच्या पोरानं खडी, माती आणि मजुरांच्या धंद्यात उतरावं, हे त्या काळी घरच्यांना पचायला किती जड गेलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढचा प्रवास भराभर सांगतो, नाहीतर सगळा लेख त्यातच संपेल. टाटा कन्स्ट्रक्शनसोबत बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन, 1926 साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. आज जिला आपण एचसीसी म्हणतो ती हीच.

मधल्या काळात जहाजंही आली. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायला होतं. युद्धात त्याचा इस्पितळ म्हणून वापर झाला होता. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि इतर काही व्यापाऱ्यांनी मिळून ते घेतलं, सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी मग दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं. शेवटी एक करार करावा लागला, ज्यात भारतीय कंपनीनं किनाऱ्यालगतच्या वाहतुकीपुरतंच राहायचं होतं. जहाज तुमचं, खलाशी तुमचे, पण ते कुठं न्यायचं हे दुसरा ठरवणार. हा प्रकार वालचंद यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो.

आता इंदापूर. नीरा नदीच्या काठचं कळंब हे तसं कोरडवाहू भागातलं गाव. पण ब्रिटिश काळात खोदलेला नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरमधून जातो आणि त्यानं या भागाचं नशीब बदललं. वालचंद यांनी मार्सलँड प्राइस नावाच्या कंपनीमार्फत इथं जमिनी घेऊन शेती सुरू केली. मालेगावजवळ रावळगावला त्यांचा असाच उद्योग चालू होता. दगडधोंड्यांची जमीन सपाट करायची, पाणी खेळवायचं, ऊस लावायचा. 1932 साली सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर साखर कारखाने उभे राहू लागले. रावळगाव आणि कळंब दोन्हीकडे 1930च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात कारखाने उभे राहिले. कळंबच्या कारखान्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना, वर्कशॉप असं करत वालचंदनगर तयार झालं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. मळ्यांसाठी घेतलेली बरीच जमीन शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेली होती. 1961च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर वालचंदनगर, रत्नपुरीचे मळे शेती महामंडळाकडे गेले आणि खंडकरी शेतकऱ्यांना आपली जमीन परत मिळवायला कित्येक दशकं भांडावं लागलं. वालचंद तोवर हयात नव्हते. पण इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं आणि शेजारच्याच घरात जमिनीची आठवण निघते, याचं कारण हे.

साखर कारखान्यासोबत वर्कशॉप आलं हे महत्त्वाचं. रोलर, गिअर, बॉयलर, सगळी यंत्रं परदेशातून यायची. ती मोडली की दुरुस्ती इथंच करावी लागायची. त्या दुरुस्तीतून पुढं इथं साखर कारखान्यांची यंत्रंच बनू लागली आणि नंतर तर इस्रोच्या रॉकेटचे भागही वालचंदनगरमध्ये तयार झाले. मोटारीच्या बाबतीत वालचंद यांच्या डोक्यात हाच हिशोब होता, असं मला वाटतं. आधी जोडायला शिका, मग एकेक भाग इथं बनवा.

त्या वेळी भारतात मोटारी जोडल्या जात नव्हत्या असं नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डही होतीच. पण तिथं भाग बाहेरचे, नफा बाहेरचा आणि इथं बनवायचा विचार कुणाचाच नाही. सर विश्वेश्वरय्या 1930च्या दशकात युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि भारतात असा उद्योग काढता येईल असं त्यांनी मांडलं. वालचंद त्या मांडणीच्या मागे उभे राहिले. अमेरिकेत जाऊन त्यांनी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. शेवटी 1940 साली क्रायस्लर तयार झाली. डॉज, प्लिमथ, डी सोटो, फार्गो ही सगळी क्रायस्लरचीच नावं.

करार झाला, पण सरकार हलेना. दुसरं महायुद्ध चालू होतं, लष्कराला हजारो ट्रक लागत होते आणि तरीही मोटार कारखाना हा युद्धासाठी गरजेचा उद्योग नाही असं दिल्लीतल्या इंग्रज सरकारनं ठरवलं. तसं ठरलं की यंत्रांसाठी डॉलर नाहीत आणि जहाजात जागाही नाही. चार वर्षं अशीच गेली.

त्याच वर्षांत त्यांनी आणखी दोन आघाड्या उघडल्या होत्या. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानासोबत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट. 1941 साली तिथून हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान जोडून उडालं आणि 1942 मध्ये सरकारनं कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आजचं एचएएल ते हेच. दुसरी आघाडी विशाखापट्टणमची गोदी. 21 जून 1941 ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले.

मोटारीसाठी अखेर 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही मैदानात आली होती.

आता पुन्हा आपल्या ऊसवाल्या ट्रककडे येऊ, कारण कुर्ल्यात जे करावं लागायचं तेच आज आपल्या गॅरेजमध्ये करावं लागतं. त्या काळच्या डॉज-फार्गो ट्रकचा पुढचा एक्सल म्हणजे एक सलग जाड दांडा, वर कमानपाटे, दोन्ही टोकांना किंगपिन आणि त्यावर फिरणारे स्टब एक्सल. आजही आपल्याकडच्या ट्रकच्या पुढच्या एक्सलची रचना मुळात हीच आहे. खोक्यातून हे भाग नवेकोरे निघतात. पण ट्रक सरळ जाईल की नाही, हे ठरतं ते भाग कोणत्या कोनात आणि किती अंतरावर बसले यावर.

पहिली गोष्ट, जड स्टेअरिंग. टायरमधली हवा तपासून झाली असेल तर पुढची चाकं जॅकवर उचला, ड्रॅग लिंक सोडा आणि चाक हातानं फिरवून बघा. इथंच जड लागलं तर दोष किंगपिनमध्ये आहे. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीम केलेला नसेल, बुशचं भोक ग्रीसच्या भोकासमोर आलं नसेल, थ्रस्ट बेअरिंग उलटं बसलं असेल किंवा शिम जास्त पडली असेल. ग्रीस निप्पलवर पंप मारूनही ग्रीस बाहेर दिसत नसेल तर नवा किंगपिन कोरडाच फिरतोय असं समजा. चाक हलकं फिरत असेल तर किंगपिनला दोष देऊ नका, स्टेअरिंग बॉक्स, कॉलम आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर त्याचा पंप बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाईच्या दिवसांत नेमकं हेच राहतं आणि एखाद्या चांगल्या बॉक्सचा विनाकारण जीव जातो.

दुसरी, वळणानंतर चाक परत न येणं आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटणं. किंगपिन बाजूनं पाहिला तर त्याचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असावं लागतं. याला कास्टर म्हणतात. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल आठवा, हँडल सोडलं तरी सायकल थोडी सरळ जाते ती बरीचशी त्यामुळे. ट्रकमध्ये हा कल ठेवायला कमानपाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर असते. एक्सल खोलून परत बसवताना ही पाचर उलटी लागली की कल पुढच्या बाजूला जातो, आणि मग पार्ट कितीही भारी असले तरी गाडी भरकटणारच. पाटे बदलले असतील तर सेंटर बोल्ट एक्सलच्या भोकात नीट बसलाय का आणि यू बोल्ट सारखे आवळलेत का तेही बघा. एका बाजूचा एक्सल जरा मागे राहिला तरी गाडी त्या बाजूला ओढते.

तिसरी गोष्ट टो. नवा टाय रॉड एंड आटे मोजून बसवला तरी लांबी थोडी बदलतेच. दोन्ही चाकांच्या मधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून मोजा आणि मागून मोजा. पुढचं अंतर कंपनी सांगेल तेवढंच, साधारण काही मिलिमीटर कमी असतं. त्याहून फरक जास्त पडला तर ओझ्याखाली टायर घासून जातात आणि स्टेअरिंगही बिघडतं.

आणि चौथी, जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी सरळ उभी असताना स्टेअरिंग बॉक्स बरोबर मध्यावर हवा. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फेरे मोजा, निम्म्यावर थांबा आणि मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. बरेच जण स्टेअरिंग व्हील तिरकं दिसतंय म्हणून व्हीलच काढून सरळ बसवतात. दिसायला सरळ दिसतं, आत बॉक्स मात्र बाजूलाच राहतो आणि एका बाजूचं वळण कमी पडतं. ड्रॉप आर्म काढला असेल तर खूण बघूनच परत लावायचा, एक दात चुकला तरी हीच तक्रार येते.

जाता जाता एक. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं ही कल्पना मोटारीच्याही आधीची, घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडीकारागिराची. 1818 साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं ते त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यानं आणि नाव झालं आकरमानचं. टाय रॉड ज्या आर्मला लागतो तो आर्म खड्ड्यात आपटून वाकला असेल तर हीच भूमिती बिघडते. मग टो बरोबर असूनही वळणावर टायर ओरडतात.

वालचंद यांना कुर्ल्याचा कारखाना जोडणीपुरता ठेवायचा नव्हता. पण 1947 नंतर त्यांच्याकडे फार दिवस उरले नाहीत. 14 मार्च 1948 ला विशाखापट्टणमला पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा पाण्यात उतरली, स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं मोठं जहाज. 1949 मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला, 1950 मध्ये त्यांनी सगळ्या कामातून अंग काढून घेतलं. 1952 साली गोदीची मोठी मालकी सरकारकडे गेली. विमान आधीच गेलं होतं. या माणसानं उभं केलेलं किती काही पुढं सरकारी झालं आणि देशाच्या कामी आलं, हे खरंच. फक्त ते स्वतः चालवायची संधी त्यांना फार थोडा काळ मिळाली, आणि तीही पारतंत्र्यात.

8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण ठरवलं की ज्या कंपन्या इथं भाग बनवायचा कार्यक्रम देणार नाहीत, नुसती जोडणी करणार, त्यांना यापुढे थारा नाही. पंचवीस वर्षं शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. ज्या मुद्द्यासाठी वालचंद 1940 पासून दिल्लीचे उंबरे झिजवत होते, तो त्यांच्या मृत्यूच्या वर्षी सरकारी धोरण झाला.

कुर्ल्याचा कारखाना टिकला. फियाटशी करार झाला होता, त्यातून लोकांनी लाडानं डुक्कर फियाट म्हटलेली गाडी आली, पुढं पद्मिनी आली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती 2023च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. डॉज आणि फार्गोचे ट्रक मात्र त्याआधीच बाजारातून गेले. कुणाच्या शेडमध्ये एखादा उभा असेल तर त्याचा किंगपिन आता लेथवरच बनवून घ्यावा लागतो. बुश रीम करताना तेवढं वरखाली एका रेषेत धरा.